आजोळच्या वाटेची चाकं

आमच्या घरात गाडी चालवायला आधी मी शिकले, आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या ह्यांच्या झोपेला. हे लोणावळा स्टेशनात नोकरीला. रात्रपाळी करून आले की सकाळी आडवे व्हायचे, ते दुपारी चहाच्या वासाला उठायचे. गाडी शिकवायला एक म्हातारे ड्रायव्हरकाका यायचे ते नेमके सकाळी. ते दारात भोंगा वाजवणार आणि हे आत घोरणार. दोनदा त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवलं. पुढच्या खेपेला मी पदर खोचला आणि म्हटलं, "काका, मला शिकवा." काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गाडीकडं बघितलं आणि मुकाट्यानं दार उघडून दिलं.

गाडी म्हणजे तरी काय! तुंगार्लीकडच्या एका बंगल्यातल्या शेठनं मोठी गाडी घेतली आणि ही जुनी आम्हाला देऊन टाकल्यासारखीच विकली. दोन दारांची, दुधात चहा सांडावा तशा रंगाची, एवढीशी. रेल्वे क्वार्टर्समधली माणसं तिला डबी म्हणायची. म्हणोत बापडी. ती सुरू झाली की मला गुदगुल्या व्हायच्या, ते अजून आठवतंय.

त्या वर्षी माघ संपता संपता माझा मावसभाऊ तांदळाचं पोतं घेऊन आमच्याकडं आला. माझं आजोळ पवनेच्या खोऱ्यात. आईचं माहेर तेच, आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, गावातल्या गावातच दिलेली. हा भाऊ तिचा मुलगा. पाणी पिऊन झाल्यावर तो आईला म्हणाला, "मावशे, औंदाचा उत्सव शेवटचा बरं का. धरनाची भिंत लय वर आली. पाऊसकाळ झाला की गाव पान्यात."

धरण होणार हे आम्हाला किती तरी वर्षं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि "औंदा" हा शब्द ऐकणं वेगळं. आई आमच्याकडंच असायची. विहिरीवर पाय घसरून पाठीवर पडल्यापासून तिला बैलगाडीचा एक हिसका सोसत नव्हता, म्हणून तिचं माहेर तुटलं होतं. मावशीचे गुडघे गेलेले, ती गावाबाहेर पडायची नाही. दोघी बहिणी एकमेकींना निरोपावर भेटायच्या. चैत्रातला उत्सव आला की आई दिवसभर गप्प असायची.

त्या दिवशी मात्र ती गप्प बसली नाही. मला म्हणाली, "मला उत्सवाला न्यायचं. तुज्या त्या डबीतनं ने, न्हाईतर चौघांच्या खांद्यावरनं ने, पर न्यायचं!"

"चौघं कुठं शोधत बसू? डबीच बरी," मी म्हटलं. ती हसली, पण तिचे डोळे हसत नव्हते. माझ्या अंगात तेव्हाच वारं शिरलं. कामशेतपासून धरणाच्या कामासाठी रस्ता झाला होता, त्याची काळजी नव्हती. त्याच्यापुढं गावापर्यंत मात्र निव्वळ बैलगाडीची वाट. आणि आमच्या डबीचे टायर तर असे झिजलेले, की त्यांच्यावर हात फिरवला तर ओढ्यातला गोटा हाताला लागावा.

घाटमाथ्यावर हायवेला एक टायरचं दुकान होतं. चालवणारे गृहस्थ मुंबईहून आलेले, हिंदी-मराठीची मिसळ बोलणारे, सगळे त्यांना टायरवाले शेठ म्हणायचे. मी त्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि त्या नव्या रबराच्या वासानं मला जे काही झालं ते मी कुणाला सांगत नाही. साड्यांच्या दुकानात बाकीच्या बायकांना होतं म्हणतात, तसं. छतापर्यंत टायर रचलेले. एकाची नक्षी सरळ रेघांची, एकाची नागमोडी, एकाला बाजूनं पांढरा पट्टा. मी हात लावून लावून बघत सुटले.

"कुठला साईज, बाई?" शेठनं विचारलं.

मी म्हटलं, "मोठा."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला बसवून शिकवलं. टायरच्या अंगावर दोन आकडे असतात. पहिला जाडीचा, दुसरा आतल्या लोखंडी रिमचा. आमच्या डबीचं माप पाच-वीस तेरा. म्हणजे टायर पाच इंच आणि वर थोडा जाड, आणि रिम तेरा इंचांची. त्याच रिमवर थोडा जाडा टायर चढतो, पाच-साठ तेरा. त्यानं गाडी किंचित वर येते. त्याहून उंच हवं तर रिमच बदलायची, चौदाची नाहीतर पंधराची. मग बोल्टांची भोकं जुळायला हवीत, टायर मडगार्डला घासता कामा नये, आणि घाटात इंजिनाचा दम निघतो तो वेगळाच.

घरी आले तर हे जागे होते आणि त्यांचा बेत ठरलेला होता. "जीपची चाकं बसवू! सोळाची रिम. आपली तेराची. गाडी तीन इंच वर!"

एकतर जीपच्या चाकाला भोकं पाच आणि आमच्या डबीला चार. पण ते सोडा. मला तीन इंचांचाच हिशेब पटेना. मी स्वयंपाकघरातून ताट आणि परात आणली, दोन्ही भिंतीशी उभी केली आणि त्यांच्या बरोबर मधोमध खडूचे ठिपके काढले. परात ताटापेक्षा जेवढी मोठी, त्याच्या निम्माच ठिपका वर गेला होता. गाडी बसते ती मधल्या ठिपक्यावर. उरलेली निम्मी वाढ वरच्या अंगाला, मडगार्डला घासायला.

"म्हणजे दीडच इंच?" हे म्हणाले.

"दीडच. आणि माझी परात जागेवर ठेवा."

ह्यांनी परात ठेवली, पण चेहरा असा केला, जणू मीच त्यांचे दीड इंच खाल्ले. पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणं रिमवर यायचं. आई अंथरुणावर बसून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "आमच्या वेळंला चाक म्हंजी चाक व्हतं. वाटोळं असलं की झालं."

चाकांचं तिला कौतुक मात्र भारी. तिच्या माहेरी रीत होती की लेक माहेरी आली की तिच्या पायावर पाणी घालायच्या आधी बैलगाडीच्या चाकांवर घालायचं. उन्हानं लाकडी चाक आटतं, वरची लोखंडी धाव सैल होते, पाण्यानं लाकूड फुगून ती घट्ट बसते, हे झालं गाडीवानाचं कारण. आईचं कारण वेगळं. जे चाक आपलं माणूस आणतं, ते आधी पाणी प्यायलं पाहिजे. परत जाताना मात्र चाकाला पाणी दाखवायचं नाही. पाणी पिऊन गेलेलं चाक पुन्हा तहानेनं येत नाही म्हणे.

होळीच्या आधी मावसभाऊ पुन्हा आला, तो खांद्यावर कासरा घेऊन. बैलाचा दोर, त्याला दोन गाठी मारलेल्या. त्याच्या बैलगाडीच्या दोन चाकांमधलं अंतर त्यानं त्या दोरावर बांधून आणलं होतं. डबीच्या पुढ्यात उकिडवा बसून त्यानं कासरा ताणला आणि मान हलवली. "ताई, तुमची गाडी लय अरुंद हाय. आमच्या चाकोरीत न्हाई बसायची. दोनी अंगानी चार-चार बोटं कमी पडत्यात."

उंचीवरून भांडत बसलो आणि रुंदीचं कुणाच्या डोक्यातच नाही! पिढ्यान्पिढ्या बैलगाड्या जाऊन त्या वाटेवर दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या. गाडीचं चाक चाकोरीतच चालायला हवं, यात आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. आईला नव्हती, भावाला नव्हती, मलाही नव्हती. मावळात जन्मलेल्या माणसाला ती यायची कुठून?

मग आमचे हे पेटले. रजेच्या दिवशी कासरा पिशवीत घालून पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. तिथं भंगाराच्या राशीपुढं बैलाचा दोर ताणून उभा असलेला रेल्वेचा माणूस बघायला म्हणे गर्दी जमली. संध्याकाळच्या लोकलनं आले ते दोन हमाल आणि चार चाकं घेऊन. कुठल्याशा परदेशी गाडीची, पंधराच्या रिमची, चार भोकांची, आणि रिमची वाटी अशी उलटी की टायर अंगाबाहेर यावा. दोन्हीकडून बरोबर चार-चार बोटं! वर चकचकीत झाकणं. त्यांत मला माझं तोंड दिसलं आणि मी दिवसाउजेडी रस्त्यात टाळ्या पिटल्या.

टायरवाल्या शेठनी नाक मुरडलं, पण टायर चढवून दिले. डबी आता डबी राहिलीच नाही. पाय फाकून उभ्या असलेल्या पैलवानासारखी दिसायला लागली. मी बाजारातून एक चक्कर मारली, चिक्कीच्या दुकानांवरून मुद्दाम सावकाश नेली, कामाशिवाय वळवून परत आणली. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. चढाला गाडी जरा जड झाली होती हे मला कळत होतं. आधी दुसऱ्या गिअरात चढायची ती आता पहिला मागायची. पण त्या दिवशी मला कोण काय सांगणार!

उत्सवाच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं वाट बघून यायला निघालो. आईला घरीच ठेवलं. कामशेतची चढण रखडत का होईना पार झाली. धरणाच्या रस्त्यावरून खाली उतरलो तर भाऊ बैलगाडी जुंपून वाट दाखवायला उभा होता. मी चाकं चाकोरीत घातली, आणि काय सांगू! हातमोज्यात हात जावा तशी बसली. स्टिअरिंग सोडलं तरी गाडी आपली सरळ चाललेली. आमचे हे तर रेल्वेतलेच. ठरल्या रुळावरून चाक निघालं की त्यांना दुसरा स्वर्ग नको. "बघ! बघ!" म्हणून मांडीवर थापा मारत होते. मीही ओरडत होते. दोन्हीकडं भाताची कोरडी खाचरं, वर करवंदीच्या जाळ्या, आणि मधून आमची स्वारी.

ओढा ओलांडला आणि खालून आवाज आला. खर्रर्र. मग आणखी मोठा. मग गाडी थांबली. मी जोर दिला, चाकं गरागरा फिरली, धुरळा उडाला, गाडी जागची हलेना. खाली उतरून बघते तर चाकोऱ्या तिथं गुडघाभर खोल आणि मधला वरंबा तसाच उभा, दगडमातीचा, विटेसारखा कडक. चाकं चाकोरीत उतरली होती आणि पोट वरंब्यावर बसलं होतं. म्हैस डबक्यात बसते तसं.

भाऊ माघारी आला, बैल सोडले, कासरा बांधला, त्याच गाठींचा. बैलांनी डबीला मागं ओढायला सुरुवात केली. ह्यांनी वाकून खाली बघितलं. सायलेन्सर चेपला होता. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही. आई घरी दार उघडं ठेवून बसली असणार. आता तिला जाऊन काय सांगू?

तेवढ्यात भावाचं कुत्रं दिसलं. मोकळ्या ठेवलेल्या बैलगाडीच्या सावलीला ते आलं, आणि गाडीखालून चक्क शेपटी वर करून चालत पलीकडं गेलं. चाकं त्याच खोल चाकोरीत, मध्ये तोच वरंबा, आणि त्याच्यावरून कुत्रं ताठ मानेनं जातंय! मी आमच्या डबीकडं बघितलं. तिच्याखालून मांजराचं पिल्लू जायचं नाही.

"अहो, बैलगाडीचं पोट कमरेएवढं उंच," मी ओरडलेच. "तिला चाकोरी परवडते. आपल्याला चाकोरी नकोच!"

भाऊ माझ्याकडं, ऊन लागलेल्या माणसाकडं बघावं तसं बघत होता. "ताई, चाक चाकोरीत न्हाई घालायचं तर मंग कुटं घालायचं?"

"वरंब्यावर! डावी चाकं वरंब्यावर, उजवी बाहेरच्या कडेवर. उजवी चाकोरी पोटाखाली घ्यायची!"

डबी मागं निघाल्यावर त्यानं कासरा सोडला आणि कडेची जागा मापली. बाहेरच्या अंगाला करवंदीची जाळी लागून होती. ही पैलवानी चाकं तिथं मावणारी नव्हती. आमची मूळची अरुंद डबी मात्र मावत होती, बोटभर जागा राखून. ज्या अरुंदपणाला आम्ही सगळे नावं ठेवत होतो, तोच कामाचा होता. मला एवढा आनंद झाला की मी त्या धुळीत उभी राहून हसत सुटले, आणि मग हेही हसले, आणि बैल तेवढे गंभीर उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी शेठच्या दुकानात. "जुन्या तेराच्या रिमा बसवा. वर पाच-साठ. जाड नक्षीचे." शेठ म्हणाले, "बाई, हेच तर मी पहिल्या दिवशी दाखवलं होतं." मी म्हटलं, "पहिल्या दिवशी मला वाटेचं कुठं माहीत होतं? आणि तुम्हाला तरी कुठं होतं?" ते हसले. नवा टायर रिमवर चढताना साबणाच्या पाण्यातून "टक्" असा आवाज होतो, तो मी चारही वेळा कान देऊन ऐकला.

पंधराच्या चाकांचं काय करावं या विचारात आम्ही होतो, तर भावानंच निरोप पाठवला, "ती मला द्या. आमच्या म्हातारीचं सामान पावसाच्या आदी हालवायचं हाय. लोखंडी धावंवर तिची मडक्यांची उतरंड न्हाई टिकायची." लोहाराकडून लोखंडी आस बसवून त्यानं दोन चाकं बैलगाडीला लावली आणि उरलेली दोन अडीनडीला ठेवली. चकचकीत झाकणंही काढली नाहीत.

उत्सवाच्या दिवशी आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. तिच्या पाठीशी दोन उशा, मांडीवर चिक्कीचा पुडा आणि नारळ. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणत हेही रजा टाकून मागं बसले. कामशेतची चढण डबी दुसऱ्या गिअरात गुणगुणत चढली. वाटेला लागलो तशी मी डावी चाकं वरंब्यावर घेतली. गाडी थोडी कलली. आई दाराला धरून म्हणाली, "अगं, चाकोरीत घाल की!"

"नाही घालत. गप्प बस."

करवंदीच्या काट्यांनी पत्र्यावर रेघा ओढल्या. ओढ्यापाशी माझे हात घामानं निसटत होते. तो वरंबा आला, ते खोल चाकोरीचं तोंड आलं, आणि पाच-साठचे टायर दगड धरून असे निघाले की खालून एकदासुद्धा आवाज आला नाही. पाठीमागून हे ओरडले, "शाबास!" वळण गेलं आणि देवळावरची निशाणाची काठी दिसली, ढोल ऐकू आले. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी देवळापर्यंत गेलीच नव्हती. दाराशी काठी टेकून उभी होती, हातात तांब्या. वाकत नव्हतं तरी वाकली आणि डबीच्या चारही चाकांवर पाणी घातलं.

आई आतूनच म्हणाली, "अक्का, रबराचं हाय गं ते. पानी पीत न्हाई."

"न्हाई पिऊ दे," मावशी म्हणाली. "पुढल्या साली हितं पानी लय आसंल. पर चाकावर घालायला दारात कोन न्हाई."

ढोल वाजतच होते. आई उतरली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या अशा, की उत्सवाला आलेली माणसं बाजूनं वाट काढून गेली. मग आईनं डोळे पुसले आणि तिला अंगणातली बैलगाडी दिसली. आमचीच चाकं तिला, झाकणांत ऊन चमकत होतं. वर मावशीची उतरंड चिंध्यांत गुंडाळून आधीच बांधून ठेवलेली. आई माझा हात धरून तिथपर्यंत गेली, मावशीच्या हातातला तांब्या घेतला आणि त्या चाकावर ओतला.

"अगं, जानाऱ्या चाकाला न्हाई घालत पानी!" मावशी ओरडली.

"जानारं कुटलं?" आई म्हणाली. "तुला घिऊन माज्या दारी येनारं हाय ते." आणि उरलेलं पाणी तिनं दुसऱ्या चाकावर घातलं.